नववीतल्या मुलाला विचारा

एप्रिल आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. सासूसुना, मोबाईल, न जेवणारी मुलं मागे पडतात आणि दाखले, प्रवेश, शाळा सुरू होतं. या वेळी तिघांनी तीन टोकांनी एकच गोष्ट विचारली आहे: शाळेबद्दल लोक जे बोलतात त्यातलं किती धरायचं? पत्रांत शाळांची नावं होती, ती मी काढली आहेत, आणि पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न : बाई, आम्ही भांडुप पश्चिमेला टेंबीपाड्यात राहतो. हे रिक्षा चालवतात, मी दोन घरी पोळ्या करते. मुलगी म्युन्सिपाल्टीच्या मराठी शाळेत सातवीत आहे. तिथे सातवीपर्यंतच वर्ग आहेत. आठवीसाठी चालत पंधरा मिनिटांवर म्युन्सिपाल्टीचंच हायस्कूल आहे. मी महिनाभर भेटेल त्याला त्या शाळेबद्दल विचारलं आणि वहीत लिहून काढलं. पाच जण चांगलं म्हणाले, सहा जण वाईट. शेजारच्या काकू म्हणतात तिथे पोरं बिघडतात. मी कामाला जाते तिथल्या मॅडम म्हणतात कर्ज काढा पण खाजगीत घाला. आमच्या गल्लीतले क्लासवाले सर म्हणतात, शाळेत काही शिकवत नाहीत. यांच्या मित्राच्या मुलीला तिथून दहावीला ८६ टक्के पडले, ती म्हणते माझी शाळा एक नंबर. आणि माझ्या चुलत दिराचा मुलगा म्हणतो, सरांनी मला पट्टीने मारलं म्हणून मी शाळा सोडली. कुणाचं ऐकू?
— सौ. वं. गा., भांडुप

उत्तर : वहीत लिहून काढलंत हे वाचलं आणि तुमचं पत्र बाजूला काढून ठेवलं. छत्तीस वर्षं मी परळच्या एका अनुदानित शाळेत होते, त्यातली शेवटची बारा वर्षं मुख्याध्यापिका. प्रवेशाला वही घेऊन आलेली आई मला एकही आठवत नाही. बहुतेक जण कुणाचं तरी मत घेऊन येत आणि माझ्याकडून त्यावर शिक्का मागत.

आता त्याच वहीत प्रत्येक मतापुढे तीन रकाने आखा. सांगणाऱ्याचं मूल त्या शाळेत कोणत्या साली होतं? ते अभ्यासात कसं होतं? आणि सांगणाऱ्याने डोळ्यांनी काय पाहिलं? रकाने भरताना तुमच्या लक्षात येईल की अकरापैकी निम्मी मतं तिथेच गळतात.

काकूंची मुलं त्या शाळेत गेलेलीच नाहीत, असं तुमच्याच पत्रात पुढे आहे. मग त्या खोटं बोलतात का? नाही. शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीपाशी उभी राहणारी पोरं त्यांनी पाहिली आहेत. ती पोरं त्या शाळेची आहेत की शाळा सोडून बसलेली आहेत, ते काकूंना ठाऊक नाही. ती काळजी शाळेची नसून रस्त्याची आहे, आणि ती रास्त आहे. दुपारचं अधिवेशन असेल तर डिसेंबरात शाळा सुटेपर्यंत अंधारून येतं. अंधार पडल्यावर तो रस्ता एकदा स्वतः चालून बघा, टेकडीकडचे दिवे लागतात का ते बघा. शाळेचं मत त्यावरून बनवू नका.

क्लासवाल्या सरांचं मत खोडा. शाळेत सगळं शिकवतात असं म्हणणारा क्लासवाला मला अजून भेटायचा आहे.

मॅडमचं मत खोडू नका, पण ते कर्जाबद्दलचं आहे, शाळेबद्दलचं नाही. त्यांना इंग्रजीची काळजी आहे, हे मी धरून चालते. तर शाळेत एवढंच विचारा की आठवीला सेमी इंग्रजीची तुकडी आहे का, आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवायला माणूस कायम आहे की तासिका तत्त्वावरचा. तुकडी कागदावर असते आणि शिकवणारा दिवाळीनंतर येतो, असंही होतं. मुलगी सातवीपर्यंत पूर्ण मराठीतून शिकली असेल तर आठवीत ‘डिनॉमिनेटर’ ऐकून घाबरेल, पण गणपतीपर्यंत रुळते. मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत.

८६ टक्क्यांच्या मुलीचं मत शंभर टक्के खरं आहे, आणि तुम्हाला फारसं उपयोगाचं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीला कुठलीही शाळा बरी दिसते. सर तिच्याकडे बघून शिकवतात, वह्या तिच्या तपासतात, पाहुणे आले की पुष्पगुच्छ द्यायला तीच. तिला एकच विचारा: ज्यांचं नाव तू घेतेस ते शिक्षक अजून तिथे आहेत का? पालिकेत बदल्या होतात. चांगल्या सरांची कीर्ती शाळेत राहते आणि सर तिसऱ्याच वॉर्डात असतात.

दिराच्या मुलाचं बोलणं मात्र मतांच्या रकान्यात घालूच नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई केली आहे. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, म्हणजे पट्टी उगारणाऱ्याला माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. ही घटना कधीची, सर कोण, तक्रार केली होती का, केली तर पुढे काय झालं, हे त्याच्याकडून नीट काढून घ्या. मारणारा एखादा सगळीकडे निघतो. तक्रार गेल्यावर मुख्याध्यापकांनी काय केलं, त्यावर शाळा ओळखावी.

आता माझं. तुम्ही अकरा जणांना विचारलंत, त्यांत आज त्या शाळेत नववीत बसणारं मूल एकही नाही. तेच विचारायचं होतं.

नववीच का, ते सांगते. आठवीपर्यंत कायदा मुलाच्या पाठीशी उभा असतो. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण मोफत आणि सक्तीचं. दहावीला बोर्ड असतं, पेपर बाहेर तपासले जातात, निकाल चारचौघांत लागतो. मधल्या नववीत दोन्ही नाही. पेपर शाळेचा, तपासणारे शाळेचे, पास-नापास शाळेच्या हातात. कुणी बघत नसताना शाळा कशी वागते ते त्या एका वर्षात दिसतं.

आणि गेटवर जो ‘१०० टक्के निकाल’ असा फ्लेक्स दिसतो ना, तो पुष्कळदा नववीत तयार होतो. कच्ची मुलं नववीत अडकवायची, किंवा पालकांना बोलावून सांगायचं, “सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा.” बाहेरून बसलेल्या मुलाचा निकाल शाळेच्या खात्यात येत नाही. उरलेली सगळी पास. शंभर टक्के.

हे मी केलेलं आहे. २००६ साली आमचा दहावीचा निकाल पडला. संस्थेच्या बैठकीत चहा यायच्या आधी विषय निघाला. मी मुख्याध्यापिका होऊन दोन वर्षं झाली होती आणि खुर्ची अजून सवयीची झाली नव्हती. पुढच्या एप्रिलमध्ये नववीच्या अकरा मुलांच्या पालकांना मी एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. भाषा मायेची होती. “झेपणार नाही हो त्याला, उगाच वर्ष वाया जाईल.” पालक हात जोडून गेले. त्यानंतरच्या परीक्षेचा निकाल चढला, जूनमध्ये फ्लेक्स लागला, आठवीला एक तुकडी जास्त भरली. परळ-लालबागच्या चाळींमधून आमच्या शाळेबद्दल इतकं चांगलं मत मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या अकरांपैकी पुढे परीक्षेला किती बसले, ते मी कधी विचारलं नाही. दाखला नेताना केलेल्या त्यांच्या पालकांच्या सह्या तेवढ्या रजिस्टरमध्ये आहेत, त्यांतले तीन अंगठे.

म्हणून शाळेत गेलात की टक्केवारी विचारू नका. दोन आकडे विचारा. गेल्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये नववीच्या पटावर किती मुलं होती? आणि यंदा दहावीच्या परीक्षेला किती बसली? वजाबाकी घरी करा. दोन-चार मुलं गाव, बदली, भाड्याची खोली यांत इकडेतिकडे होतात, ते मुंबईत चालायचंच. वीस-पंचवीस गळली असतील तर कुठे गेली ते विचारा. हजेरीपट सगळ्या वर्गांचा असतो, सांगायला पाच मिनिटं लागतात. माहिती अधिकारात दहा रुपये भरूनही विचारता येतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण दोन आकड्यांसाठी अर्ज टाकायची वेळ आली तर वहीत तसं लिहून ठेवा.

जाल तेव्हा शाळा सुटायच्या आधी अर्धा तास जा. ऑफिसात बसवतील, बसा. त्या वेळात किती वर्गांमधून नुसता गोंगाट येतो ते ऐका. एखादा वर्ग ऑफ असणं रोजचं आहे, चार वर्ग ऑफ असतील तर शिक्षक कमी आहेत. मग मुलींच्या स्वच्छतागृहाची चौकशी करा. चौकशी काय, सरळ जाऊन या. नळाला पाणी आहे का, कडी आतून लागते का. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगी महिन्यातले चार दिवस शाळा का बुडवते याचं उत्तर त्या कडीत असतं. माझ्या शाळेतली कडी बदलायला मला तीन वर्षं लागली, हे लिहितानाही लाज वाटते.

आणि सुटताना गेटवर उभं राहून नववीतल्या एखाद्या मुलीला गाठा. दप्तर नीटनेटकं असलेली नको, मधलीच बघा. “शाळा कशी आहे?” विचारलंत तर “चांगली आहे काकू” म्हणेल आणि पळेल. असं विचारा: आज किती तास झाले? गणिताची वही शेवटची कधी तपासली? तुला वर्गात काही आलं नाही तर काय होतं?

एक कामाची गोष्ट राहिली. आठवीत एनएमएमएसची शिष्यवृत्ती परीक्षा असते. ती सरकारी, अनुदानित आणि पालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांसाठीच आहे. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० चालतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तुमच्या मॅडम सांगतात त्या बिगरअनुदानित खाजगी शाळेत मुलगी गेली तर या परीक्षेला बसताच येणार नाही. म्हणून हायस्कुलात तिसरा प्रश्न हा विचारा: गेल्या वर्षी तुमच्याकडून एनएमएमएसला किती मुलं बसवली? लागली किती, ते नंतर. ज्या शाळेत हा प्रश्न ऐकून क्लार्ककडे बघतात, तिथे फॉर्मची तारीख तुम्हालाच लक्षात ठेवावी लागेल.

उत्तरं काय मिळाली ते कळवा. वही टाकू नका.

प्रश्न : मी १९७९ सालचा एस.एस.सी., लालबागच्या एका मराठी शाळेतला. आमच्या वेळी अ ते ड तुकड्या, वर्गात साठ-साठ पोरं. आता डोंबिवलीला असतो. गेल्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला गेलो तर आठवीत सतरा मुलं! मी भाषणात स्पष्ट बोललो की हल्लीच्या शिक्षकांनी शाळा बुडवली. मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्र म्हणतात मी चुकलो. खरं बोलणं चूक का?
— द. शि. पा., डोंबिवली

उत्तर : चुकलात. माफीचं एक पोस्टकार्ड टाका, शाळेचा पत्ता तुम्हाला पाठ असेल.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मला नोकरीला लागून दोन वर्षंही झाली नव्हती. त्या जूनपासून माझ्या वर्गातली मुलं गावी जायला लागली, कुणी कोकणात, कुणी साताऱ्याकडे. “पुढच्या महिन्यात येतो बाई” असं सांगून गेलेल्यांतले बरेच आलेच नाहीत. मग गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. तुम्हीही गेलात. मुलं कमी झाली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकसंख्या ठरते तेव्हा, शिक्षकांची पदं कमी होतात, अतिरिक्त ठरलेला शिक्षक दुसऱ्या शाळेत जातो, मग चित्रकला आणि खेळाचे तास कुणीतरी ओढून-ताणून घेतं. ज्या बाई रडल्या, त्या बहुधा त्यातलेच दोन विषय शिकवत असतील.

पत्रात नातवाचं कौतुक आहे. तो कोणत्या माध्यमात शिकतो, ते लिहायचं राहिलंय.

प्रश्न : मी नववीत आहे, कुर्ल्याला. आमची शाळा सरकारी पैशावर चालते. सध्या खूप पालक चौकशीला येतात. सर म्हणाले, बाहेर कुणी विचारलं तर शाळेचं नाव चांगलं करा. शनिवारी एका बाईंनी गेटवर मला विचारलं. मी चांगली आहे म्हणालो आणि निघालो. पण आमची प्रयोगशाला वर्षात दोनदाच उघडली. विज्ञानाचे सर चांगलं शिकवतात पण निवडणुकीच्या कामाला सारखे जातात. चित्रकलेचे सर मात्र सुट्टीत पण येतात, त्यांनी मला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवलं आणि मला ए ग्रेड मिळाली. मी त्या बाईंशी खोटं बोललो का? आणि खरं सांगितलं तर ती शाळेशी गद्दारी का? माझं नाव छापू नका.
— एक विद्यार्थी

उत्तर : नाव छापलं नाही, कुर्ल्यात शाळा पुष्कळ आहेत, निश्चिंत राहा.

खोटं बोलला नाहीस. अर्धं बोललास. उरलेलं अर्धं तू मला लिहिलंस, आणि इतकं नेमकं लिहिलंस की वरच्या भांडुपच्या काकूंना मी तुझ्यासारखाच मुलगा गाठायला सांगितलं आहे.

तुझ्या पत्रातला एक शब्द बदलते. तू लिहितोस, सर चांगलं शिकवतात ‘पण’ कामाला जातात. ‘पण’ म्हटलं की ऐकणारी बाई पहिलं विसरते आणि दुसरं घेऊन घरी जाते. ‘आणि’ म्हणून बघ. विज्ञानाचे सर चांगलं शिकवतात आणि त्यांना निवडणुकीच्या कामाला पाठवतात आणि प्रयोगशाळा बंद असते आणि चित्रकलेचे सर सुट्टीत येतात. आता यातलं काय काढणार? गद्दारी कुठे आहे यात? सरांनी नाव चांगलं करा म्हटलं, कुलूप लपवा म्हटलं नाही. म्हटलं असेल तर ते त्यांच्यापाशी.

निवडणुकीबद्दल एवढं लक्षात घे, सर हौसेने जात नाहीत. शिक्षकाला शिकवण्याबाहेरची कामं देऊ नयेत असं कायदा म्हणतो आणि त्यातून तीन कामं वगळतो: दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका. बीएलओचं (बूथ लेव्हल ऑफिसरचं) काम अंगावर आलं की सर दुपारी तुमच्या प्रकाशाच्या धड्यावर आणि संध्याकाळी कुणाच्या तरी जिन्यात मतदारयादी घेऊन उभे. मी स्वतः पायाला प्लास्टर असताना ते काम रद्द करून घ्यायला चार चकरा मारल्या आहेत, प्लास्टरसकट.

प्रयोगशाळेचं मात्र तुला सोडून देता येणार नाही, कारण पुढच्या वर्षी तू दहावीत. विज्ञानाचे दोन भाग मिळून लेखी ८० गुण आणि प्रात्यक्षिकाचे २०. ते २० शाळेच्याच हातात असल्यामुळे परीक्षानळी न धरलेल्या मुलालाही अठरा-एकोणीस मिळतात, हे सगळ्या स्टाफरूमना ठाऊक आहे. गुणांचं नुकसान होणार नाही तुझं. अकरावीला विज्ञानाला गेलास तर पहिल्याच प्रॅक्टिकलला ब्युरेट कुठून धरायचं ते कळणार नाही, तेव्हा होईल. म्हणून तुम्ही चार-पाच जण मिळून सरांकडे जा. तक्रार नको. “सर, शनिवारी शेवटचा तास द्याल का, आम्ही काचसामान धुऊन ठेवतो,” असं म्हणा. प्रयोगशाळा बंद राहायचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं की धुवायला आणि मोजून ठेवायला परिचर नसतो, आणि एक चंचुपात्र फुटलं तरी हिशेब सरांच्या डोक्यावर येतो. धुणारी पोरं दिसली की कुलूप निघतं. आमच्याकडे निघालं होतं. (दोन चंचुपात्रं फुटली. भरली मी.)

एलिमेंटरीच्या ए ग्रेडबद्दल शाबास. आता इंटरमिजिएटला बस, त्यातल्या ग्रेडचे वाढीव गुण दहावीला मिळतात. चित्रकलेच्या सरांना ते माहीत असेलच, तरी फॉर्मची आठवण तूच कर.

आणि तुझ्या पत्रात ‘प्रयोगशाळा’ हा शब्द ‘प्रयोगशाला’ असा आलाय. वर्षातून दोनदा पाटी दिसल्यावर आणखी काय होणार. मराठीच्या बाईंना मी सांगत नाही.